लाल जॅकेटातला मुलगा

शहरातून फुलंब्रीकडे जाणाऱ्या आमच्या गाडीत चार बायका बसतात आणि पाचवे ड्रायव्हर मामा. आम्ही चौघी चार वेगवेगळ्या शाळांवर शिकवतो आणि चौघींच्याही फोनमध्ये गेम आहेत. हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं. पहाटे उठून डबे भरायचे, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायच्या, पोरांना हलवून हलवून उठवायचं आणि धावतपळत कोपऱ्यावर येऊन गाडीची वाट बघायची. एवढं सगळं उरकल्यावर हर्सूलपासून चौक्याचा घाट संपेपर्यंतचा वेळ तेवढा आमचा असतो. त्या वेळात मास्तरणींनी अध्यापनशास्त्रावर चर्चा करावी असं ज्यांना वाटतं त्यांनी स्वतःची वेगळी गाडी लावावी.

माझा गेम शेतीचा. माझं माहेर सिल्लोडकडचं, शेतात राबणारं, त्यामुळे मला त्या गेमचा रोज राग येतो आणि तरी मी तो रोज खेळते. त्यात मका बघता बघता कापणीला येतो. गाईला चारा टाकला की ती लगेच दूध देते आणि शेण म्हणून कधी टाकत नाही. उर्दू शाळेवरच्या आपा हॉटेल चालवतात. हर्सूलला त्यांचं एकत्र कुटुंब आहे. पहाटे एवढ्या जणांच्या पोळ्या लाटून आलेली बाई गाडीत बसली की फोनवर पुन्हा पाव भाजायला लागते, हे मला कधी उमगलं नाही. मी विचारलं तर म्हणायच्या, "अगे, इथलं गिऱ्हाईक खाऊन झाल्यावर हसतंय तरी. आमच्या घरचे ताटावरून उठतात अन् हात पुसत निघून जातात."

तिसरी आमच्यात वयाने सगळ्यात लहान, म्हणून आम्ही तिला धाकटी म्हणतो. तिला सगळे गेम येतात आणि सगळ्यांचे फोनही तिलाच कळतात. फोन अडकला, फोटो चढेना, जागा भरली की आम्ही तिच्या मांडीवर फोन टाकतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. खात्याला दर थोड्या दिवसांनी नवीन अ‍ॅप सुचतं. हजेरीचं वेगळं, खिचडीच्या फोटोचं वेगळं, पोरांनी झाड लावलं त्याचं वेगळं. धाकटी नसती तर आमच्यातल्या निम्म्या जणींना कारणे दाखवा नोटीस आली असती.

चौथी माझी मैत्रीण. डी.एड.ला आम्ही एकाच खोलीत राहिलो. तिचे केस मी विंचरलेत आणि माझ्या लग्नात तिने माझ्या सासूशी भांडण केलंय. शांत म्हणतात तशी ती कधीच नव्हती. गाडीत तिचाच आवाज सगळ्यात मोठा असायचा. ती रंगीत गोळ्या जुळवून फोडायचा गेम खेळायची आणि अडकली की मोठ्याने गेमला शिव्या द्यायची. मामा आरशातून बघून हसायचे.

आमची एक पद्धत आहे. गाडीत बसल्यावर आम्ही एकमेकींना कशी आहेस असं विचारत नाही. विचारलं तर बरी आहे असंच उत्तर येतं आणि ते खोटं असतं. आम्ही विचारतो, "कुठपर्यंत आलीस?" मग जिचा गेम पुढे सरकलेला नाही तिच्याकडे रात्री पाहुणे आलेले असतात, नाहीतर कुणाला ताप भरलेला असतो, नाहीतर नवऱ्याशी वाजलेलं असतं. एकदा आपांचं हॉटेल आठवडाभर बंद होतं. तेव्हा त्यांच्या भावाला दवाखान्यात ठेवलं होतं हे आम्हाला हॉटेलवरूनच कळलं.

मैत्रिणीचा मुलगा शेंद्र्याच्या एका कंपनीत लागला होता. एकुलता एक. संध्याकाळी कामावरून आला की आईचा फोन ओढून घ्यायचा, कारण त्याचा स्वतःचा फोन जुना होता आणि मोठा गेम त्यावर अडकायचा. विमानातून उडी मारायची, एका बेटावर उतरायचं आणि शेवटचा एक जण उरेपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडायच्या, असा तो गेम. मैत्रीण गाडीत त्याचं गाऱ्हाणं सांगायची. "अगं, घरात आलं की आधी फोन मागतंय. मी म्हणलं, आधी माय कशी आहे ते विचार. तर म्हणतंय, माय, चार्जिंग किती आहे?" हे सांगताना तिला कौतुक लपवता यायचं नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मित्राच्या साखरपुड्याला म्हणून तो मोटारसायकलवर करमाडला निघाला होता आणि जालना रोडवर उभ्या ट्रकला मागून धडकला. आम्हाला कळलं तोवर सगळं संपलेलं होतं. तो जागेवरच गेला, असं तिला सांगण्यात आलं आणि आम्हालाही.

त्यांच्याकडे आम्ही गेलो तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. आमच्याकडे दारातूनच हंबरडा फोडत आत शिरायची रीत आहे. नात्यातल्या बायका येत, तिच्या गळ्यात पडत आणि पोराचं नाव घेऊन आक्रोश करत. ती प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "उगी, उगी," म्हणत होती. कुणाला पाणी हवंय, कुणाला उन्हात बसवलंय, बघत होती. माझी आई सोबत होती. घरी येताना ती रिक्षात म्हणाली, "ती बाई रडली नाय गं. हे काही खरं नाय."

सुट्टी संपल्यावर ती पुन्हा गाडीत यायला लागली. पहिल्या दिवशी आम्ही तिघींनी न ठरवता फोन पर्समध्ये टाकले होते. हर्सूलचं जेल मागे गेलं, तलाव मागे गेला, सावंगी आली. मग तीच म्हणाली, "अगं, कुणी बोला ना. कुठपर्यंत आल्या सगळ्या?"

आपांनी घसा साफ केला. "हॉटेलात नवीन भट्टी घेतली," त्या म्हणाल्या.

"आणि तुझं शेत?"

"टोमॅटो लावलेत," मी म्हणाले.

"मी पण खेळायले," ती म्हणाली आणि तिने फोन पुढे केला. पडद्यावर लाल जॅकेट घातलेला एक मुलगा उभा होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पाठीवर सॅक. गेममध्ये माणूस उभा असला तरी श्वास घेताना दाखवतात. त्याचे खांदे वर-खाली होत होते. "हे जॅकेट त्यानं पूर्ण दिवाळीची सुट्टी खेळून मिळवलंय," ती म्हणाली. "कुणाला मिळत नाय लवकर."

मग तिने आम्हाला ती कशी खेळते ते दाखवलं. विमानातून त्याला ती अगदी शेवटी उतरवायची, बेटाच्या टोकाला, जिथे कुणी येत नाही. तिथे पाण्याच्या कडेला एक दुमजली घर होतं. जिना चढून ती त्याला वरच्या खोलीत न्यायची, दार लावून घ्यायची आणि खिडकीपासून लांब कोपऱ्यात उभं करायची. बंदूक उचलायची नाही, कुणाला मारायचं नाही. त्या खेळात एक निळं वर्तुळ असतं. ते हळूहळू आवळत येतं आणि त्याच्या बाहेर जो राहील त्याचा जीव घटत जातो. ते वर्तुळ घराजवळ यायला लागलं की ती गेम बंद करायची. रोज हेच. पुन्हा नव्याने उतरायचं, पुन्हा तीच खोली.

"मी त्याला एकदाही मरू दिलेलं नाय," ती म्हणाली.

धाकटीने विचारलं, "ताई, आज किती वेळ राहिला घरात?" आणि मैत्रीण मन लावून सांगायला लागली. त्या दिवसापासून आमच्या गाडीतल्या गप्पांत माझं शेत, आपांचं हॉटेल, धाकटीचे दहा गेम आणि तो मुलगा, असं सगळं एकाच सुरात चालू झालं. आज खाली कुणीतरी येऊन गेलं. आज दाराशी बूट वाजले पण वर कुणी आलं नाही. आज त्याच्या खोलीत औषधाचा डबा सापडला. आपा म्हणायच्या, "घेऊन ठेव गं, लागंल."

मी स्वभावाने तापट आहे, हे मी काही लपवत नाही. मला त्या गेमचा राग यायला लागला. एक दिवस मैत्रीण रजेवर होती, तेव्हा मी आपांना म्हणाले, "हे थांबवायला पाहिजे. असं किती दिवस चालणार?" आपा नेहमी हसतमुख असतात, त्या दिवशी नव्हत्या. "नक्को," त्या म्हणाल्या. "तिच्याजवळ तेवढंच आहे. तू कोण गे काढून घेणारी?"

धाकटीला आणखी एक गोष्ट माहीत होती. तिने ती एकदा माझ्याबरोबर गाडीतून उतरून मला माझ्या शाळेच्या फाटकाशी सांगितली. "मॅडम, ताई गेम बंद करतात ना, तेव्हा तो मुलगा जात नाही तिथून. तो तसाच उभा राहतो त्या खोलीत. वर्तुळ येतं अन् तो मरतोच. फक्त ताईंना दिसत नाय." तिचे डोळे भरले होते. "त्यांना नका सांगू बरं." मी कशाला सांगते? पण त्यानंतर मैत्रिणीने सुटकेचा श्वास टाकून फोन पर्समध्ये ठेवला की मला ती खोली दिसायची आणि कोपऱ्यात एकटा उभा राहिलेला तो.

मैत्रिणीचे मिस्टर मला एकदा टीव्ही सेंटरच्या चौकात भाजी घेताना भेटले. सरळ माणूस, कमी बोलणारा. हातातल्या पिशवीत मेथीची जुडी होती आणि ते बोलताना तिची एक-एक काडी मोडत राहिले. ती जेवते, झोपते, शाळेत जाते, सणावाराला पुरणाचा स्वयंपाकही करते, असं ते म्हणाले. "पण वहिनी, ती रडली नाय. अजून नाय. घरात त्याचा फोटो लावला तर समोरून जाते-येते, जसं काही कॅलेंडर आहे. डॉक्टर म्हणाले, रडू द्या. आता मी काय तिला मारू का रडावं म्हणून?" मग ते म्हणाले, "तुम्ही मैत्रिणी आहात. काहीतरी करा. मला भीती वाटायली तिची."

मी काय करणार? एका रविवारी मी तिच्याकडे मुद्दाम गेले. डी.एड.च्या दिवसांचे फोटो नेले. तो पोटात असताना तिला कैरीचे डोहाळे लागले होते आणि मी भिंतीवर चढून कैऱ्या पाडल्या होत्या त्याची आठवण करून दिली. ती हसली. मलाच रडू फुटलं आणि ती उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. "उगी," म्हणाली. इतका संताप आला मला, तिचा, माझा, त्या ट्रकवाल्याचा, की मी पाणी न पिताच निघाले.

मग यंदाच्या जानेवारीत तो दिवस आला. वरून तपासणी लागली होती. सगळ्या शाळांनी नवीन अ‍ॅपमध्ये वर्गाचे, संडासाचे, पाण्याच्या टाकीचे फोटो शाळा भरायच्या आत चढवायचे होते, आणि असे हुकूम नेहमी आदल्या संध्याकाळी येतात. आम्ही फोनमधले जुनेच फोटो घेऊन गाडीतच कामाला लागलो. मैत्रिणीच्या फोनमध्ये ते अ‍ॅप बसेना. जागा नव्हती. सवयीप्रमाणे फोन धाकटीच्या मांडीवर गेला.

धाकटीने सुप्रभातचे फोटो उडवले, नातेवाइकांच्या लग्नांचे व्हिडिओ उडवले, तरी जागा होईना. तिने मान वर केली. "ताई, हा गेम लई जागा खायलाय. मी आत्तापुरता काढते, दुपारी शाळेतल्या नेटवर तुम्ही परत टाका. मी माझ्या फोनवर असंच करते. सगळं जागच्या जागी येतं."

मैत्रिणीने तिच्याकडे बघितलं. "येतं ना नक्की?"

"येतं हो ताई. नंबर जोडलेला असतो ना, त्याच्यावर सगळं परत येतं."

"जॅकेट पण?"

"जॅकेट पण."

मैत्रीण म्हणाली, "मग काढ." आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं आणि कुणालाही काही वाटलं नाही. फोटो चढले. फुलंब्री आली, एकेक जण आपापल्या शाळेशी उतरली. तपासणीवाले त्या दिवशी कुणाच्याच शाळेवर फिरकले नाहीत.

दुपारच्या सुट्टीत मैत्रिणीने शाळेतल्या नेटवर गेम पुन्हा टाकून घेतला होता. परतताना गाडीत बसल्या बसल्या तिने तो उघडला आणि लगेच धाकटीकडे फोन दिला. "हे नाव विचारायलंय. माझं टाकू का त्याचं?"

धाकटीने फोन हातात घेतला. मी तिच्या शेजारीच होते. तिने एक बटण दाबलं, मग दुसरं, मग मागे जाऊन पुन्हा पहिलं. तिचा अंगठा थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ताई," ती हळूच म्हणाली, "त्यानं कोणता नंबर जोडला होता? किंवा मेल?"

"कशाचा नंबर? तो म्हणायचा, नंबर दिला की जाहिराती येतात. तो तसाच खेळायचा, पाहुणा म्हणून."

पाहुणा म्हणून खेळणाऱ्याचं सगळं त्या फोनमध्येच असतं. गेम काढला की तेही जातं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला धाकटीचा चेहरा तेवढा दिसला. ती तोंडावर ओढणी दाबून रडायला लागली. आपांनी पुढच्या सीटवरून वळून विचारलं, "क्या हुआ गे?" आणि धाकटीच्या हातातला फोन बघून त्यांना कळलं.

मैत्रिणीने धाकटीच्या हातातून फोन काढून घेतला. "रडू नको," म्हणाली. "तू मुद्दाम केलंस का? नाय ना? मग?" तिने नावाच्या जागी काहीतरी एक अक्षर टाकलं आणि पुढे गेली. पडद्यावर एक मुलगा आला. साधा पांढरा शर्ट, खाकी पँट, डोक्यावर काही नाही. त्याचेही खांदे वर-खाली होत होते. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. गाडी चौक्याच्या अलीकडे आली होती आणि मामांनी रेडिओ बंद केला होता.

तिने खेळ सुरू केला. विमान आलं. शेवटपर्यंत थांबून तिने त्याला बेटाच्या टोकाला उतरवलं, पाण्याच्या कडेच्या त्याच घराशी. जिना चढवला. वरच्या खोलीत नेलं, दार लावलं, कोपऱ्यात उभं केलं. घर तेच, खिडकी तीच. घाटात नेट जातं म्हणून आम्ही नेहमी कुरकुर करतो, त्या दिवशी मात्र ते गेलं नाही.

निळं वर्तुळ निघालं. ते दूरवर, डोंगरापलीकडे होतं तेव्हा ती फोन बंद करील म्हणून मी वाट बघत होते. ते रस्त्यापर्यंत आलं. मग विहिरीपर्यंत. मी म्हणाले, "बंद कर गं आता." तिने ऐकलं नाही. ते घरात शिरलं, खोली निळी झाली. त्या मुलाच्या पायाशी एक पांढरी पट्टी असते, जीव किती उरलाय ते दाखवणारी. ती कमी व्हायला लागली. तो थोडासा वाकला. पुन्हा सरळ उभा राहिला. तिने त्याला कुठेही हलवलं नाही. पट्टी अर्धी झाली, मग लाल झाली. आपा तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होत्या. मग तो गुडघ्यावर आला आणि आडवा झाला.

ती पडद्याकडे बघतच होती. "त्याला लई दुखलं असंल का गं?" ती म्हणाली.

ती पांढऱ्या शर्टातल्या मुलाबद्दल बोलत नव्हती.

"नाय ताई," धाकटी पटकन म्हणाली. "जागेवरच गेला ना तो. कळलं पण नसंल त्याला."

"तू होतीस का तिथं?" ती म्हणाली. रागाने नाही, साधंच विचारावं तसं. मग ती माझ्याकडे वळली. "तिथल्या चहावाल्याकडं गेले होते मी. तेराव्यानंतर. कुणाला सांगितलं नाय, घरी पण नाय. त्यानं पोराला उचलून सावलीला घेतलं होतं. पाणी मागितलं म्हणे पोरानं. अन् म्हणाला, माझ्या मायला फोन लावा. याचा फोन फुटलेला, अन् माझा नंबर सांगता सांगता त्याची शुद्ध गेली. अर्धाच नंबर सांगितला त्यानं." तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. "मी त्या वेळी घरीच होते गं. फोन माझ्या हातातच होता. मी गोळ्या फोडत बसले होते."

आणि मग ती रडली. तसं रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही आणि पुन्हा ऐकायची माझी ताकद नाही. ती त्याला नावाने हाका मारत होती, माझ्या राजा म्हणत होती, पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ आपटत होती. मी तिचं कपाळ माझ्या तळव्यावर धरलं. इतके महिने आम्ही ज्याची वाट बघितली होती ते आलं तेव्हा मला वाटलं, हे थांबावं, हिने पुन्हा उगी उगी म्हणावं, पुन्हा त्या मुलाला खोलीत कोंडून ठेवावं, पण हे नको. मामांनी गाडी थांबवली नाही, फक्त हळू केली. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे जात होत्या.

हर्सूल आलं. आपांची गल्ली आली. मामांनी सवयीने गाडी कडेला घेतली. आपा उतरल्या नाहीत. "चलो," एवढंच म्हणाल्या. टीव्ही सेंटरला मी उतरले नाही, धाकटीही नाही. हडकोत मैत्रिणीच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा तिचा आवाज बसून गेला होता आणि नुसते हुंदके येत होते. आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून फाटकातून आत नेलं. धाकटी मागे तिची पर्स आणि डबा घेऊन चालत होती.

मिस्टरांनी दार उघडलं. अंगात घरातला बनियन, हातात पेपर. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रडली?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. तिला आधार द्यायला ते पुढे येतील म्हणून मी थोडी बाजूला झाले. ते आले नाहीत. पेपर त्यांच्या हातातून खाली पडला, दाराची चौकट धरत धरत ते उंबऱ्यावर बसले आणि आम्हा सगळ्यांच्या देखत मोठ्याने रडायला लागले. इतके दिवस ते स्वतः थांबले होते, हे तेव्हा आम्हाला कळलं. मैत्रिणीने आमचे हात सोडले आणि ती त्यांच्याशेजारी खाली बसली.